थांबामावशींची पिवळी चिठ्ठी

आमच्या घरात एका कामाला एकच माणूस असतो. गॅस बंद करायचं काम माझं, तर तो मीच बंद करायचा. सासूबाई नंतर तिकडे ढुंकूनही बघणार नाहीत. दाराची कडी नवऱ्याकडे, पाण्याची टाकी सासूबाईंकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई फार विश्वासाच्या दिसतात. आठवड्याभरात कळलं की विश्वासाचा इथे काही संबंध नाही. मी सहज म्हटलं होतं, "आई, झोपण्याआधी एकदा गॅस बघाल का?" तर म्हणाल्या, "मी बघायला लागले की तू बघायचं सोडशील. आणि तू बघतेस म्हणून मीही नीट बघणार नाही. मग बंद कुणी केला?"

सासूबाई पंपांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. अडतीस वर्षं एकच टेबल, वर एकच ट्यूबलाइट, डावीकडे तपासायचा माल, उजवीकडे तपासलेला. हातात गेज, म्हणजे दोन तोंडांचं पोलादी माप. एक तोंड भोकात सहज जायला हवं, दुसरं अडायला हवं. नग बरोबर निघाला की त्यावर आकड्याचा पंच धरून सासूबाई हातोडीचा एक ठोका मारत आणि सतरा हा आकडा उमटे. सतरा म्हणजे त्या. नग जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी तो कुणी पास केला हे त्यावर लिहिलेलं असे.

नापास नगाला लाल चिठ्ठी. जिथे शंका असेल तिथे पिवळी. पिवळ्या चिठ्ठीवर दोनच रकाने, वर शंका, खाली जबाब. ज्याला ती काढायची असेल त्याने जबाब लिहायचा, स्वतःचं नाव घालून सही करायची आणि मगच काढायची. तोवर त्या अख्ख्या लॉटला कुणी हात लावायचा नाही, मग मालक का येईना. सासूबाई इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या बांधत की सगळा कारखाना त्यांना थांबामावशी म्हणायचा. मीही त्याच कारखान्यात रवानगीच्या टेबलावर कारकून होते. तिथूनच त्यांनी मला सून म्हणून हेरलं. "हिने एकदा माझ्याच कागदातली चूक दाखवून तो मला परत केला होता," असं त्या माझ्यादेखत लोकांना सांगत. माझ्यात दुसरं काही बघितल्याचं निदान माझ्या कानावर तरी आलेलं नाही.

एका कामाला एक माणूस हा नियम त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. तरुणपणी त्यांच्या पुढच्या टेबलावर माझे सासरे बसत. पहिली तपासणी सासूबाईंची, दुसरी सासऱ्यांची. त्यांचा पंच बावीस. नवीन लग्न झालेलं, नग या टेबलावरून त्या टेबलावर जाताना दोघं एकमेकांकडे बघून हसत असणार, असं आपलं मला वाटतं. एक दिवस चाचणी चालू असताना पंपाचं कवच फुटलं आणि फिटरचा उजवा हात मनगटापासून गेला. तुकडे जुळवून पाहिले तर त्यावर सतराही होता आणि बावीसही. चीर नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी होती. सासूबाईंनी ती बघितली नाही, कारण पुढे हे आहेतच. सासऱ्यांनी बघितली नाही, कारण मागे ही आहेच. सासऱ्यांना जाऊन बारा वर्षं झाली. फिटर अजून आमच्याकडे येतो, डाव्या हाताने चहा पितो आणि सिनेमाच्या गप्पा मारतो. तो असेपर्यंत सासूबाई खुर्चीत नीट टेकून बसत नाहीत.

पुढे पंपांना गिऱ्हाईक राहिलं नाही. कारखान्याची निम्मी यंत्रं कापड टाकून झाकून ठेवली होती. आता टाळं लागणार हे सगळ्यांना दिसत होतं, तेवढ्यात एका मित्रदेशाची मागणी आली. तोफगोळ्यांची रिकामी कवचं हवी होती, भरपूर आणि ताबडतोब. त्यांची त्यांच्या शेजाऱ्याशी सीमेवर कुरबुर चालली होती आणि आपल्या सरकारचा त्यांच्याशी करार होता. त्यांच्यावर वेळ आली तर आपण धावून जायचं, आपल्यावर आली तर त्यांनी. यंत्रांवरची कापडं निघाली. तोफगोळा हा शब्द मात्र कारखान्यात कुणी काढायचा नाही. व्यवस्थापक "घटक" म्हणत, कामगार "बाटल्या" म्हणत. मीसुद्धा रवानगीच्या कागदावर झोकात "घटक" लिहायचे. खोटं कशाला बोलू, कारखाना पुन्हा धडधडू लागला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

घोडं अडलं ते सासूबाईंच्या तक्त्यावर. तपासणीच्या तक्त्यात "वापर" असा एक रकाना असतो. नग कशासाठी आहे हे कळल्याशिवाय किती कडक तपासायचं ते ठरत नाही. आधी तिथे "इमारतीची टाकी" किंवा "घरगुती पाणी" असं असायचं. आता नुसतं "संरक्षण" असं छापून आलं.

"कुणाचं?" सासूबाईंनी व्यवस्थापकांना विचारलं.

"अहो मावशी, कारखाना वाचला. हाच वापर समजा."

युनियनच्या पुढाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साडेतीनशे घरांच्या चुली पेटल्यात, मावशी. आणखी काय हवंय?" टीव्हीवर संरक्षणमंत्री सांगत होते की आपण एवढी तयारी ठेवली की समोरचा हात उचलणारच नाही, म्हणजे हा सगळा खर्च शांततेवरचाच. घरी माझा नवरा हसून म्हणाला, "अगं आई, निवडणूक आलीये."

"चौघांना विचारलं तर चार वापर निघाले," सासूबाई म्हणाल्या. "मग मी माप कुठलं लावू?"

हे सगळं त्या एवढं मनावर का घेत होत्या ते सांगते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. विशीत त्याने तीन वर्षं तोफखान्यात काढली होती आणि चाळीस पूर्ण होईपर्यंत त्याचं नाव राखीव यादीत होतं. तेव्हा तो छत्तीसचा होता. त्या सीमेवर भडका उडाला तर करारापायी पहिलं बोलावणं राखीव तोफखान्याला येणार, हे घरात तिघांनाही माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं. एकदाच तो जेवताना म्हणाला, "गंमत बघ, आईचा सतरा नंबर माझ्याच हातात येईल भरायला." त्या गमतीला कुणी हसलं नाही.

मित्रदेशाचा एक तपासनीस कारखान्याच्या विश्रामगृहात राहायला आला होता. सगळे त्याला पाहुणे म्हणत. आपली भाषा तो अडखळत बोलायचा, माणूस मात्र सरळ होता. सासूबाईंचं आणि त्याचं चांगलं जमलं. दोघंही नग उजेडाकडे तिरका धरून बघणारे. एक दिवस मी कागद घेऊन गेले तेव्हा दोघांचं बोलणं चाललं होतं.

"तुमचं सैन्य रोज थोडं पुढे सरकतंय म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम. आमच्या लोकांची भीती गेली. तुमचा माल आहे, तुमचा करार आहे."

"मग तुम्हाला आवरणार कोण?"

"तुमचं सरकार," पाहुणे सहज म्हणाले. "तुम्ही मोठे मित्र. फार पुढे गेलो तर तुम्ही थांबवाल. आमच्याकडे सगळे असंच धरून चालतात."

सासूबाईंच्या हातातलं गेज तसंच राहिलं. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी आधी फक्त फिटर घरी आल्यावरच पाहिला होता.

मग लाखाव्या बाटलीचा समारंभ आला. मंत्रालयातून सचिव आले, फोटोग्राफर आला, तपासणीच्या टेबलावर पांढरी चादर घातली. लाखाव्या नगावर पंच मारायचा मान सर्वांत जुन्या तपासनिसाचा, म्हणजे सासूबाईंचा. निवृत्तीला त्यांचे तीन आठवडे राहिले होते. तबक धरायला मला उभं केलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सचिवांनी चार शब्द सांगितले आणि सासूबाईंनी त्यांना अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, एक शंका होती. हे लोक फार पुढे गेले तर त्यांना आवरायचं कुणी?"

सचिव हसले. "मावशी, तो स्वतंत्र देश आहे. स्वतःला आवरायचं त्यांचं त्यांनी. आपण फक्त पाठीशी उभे."

पाहुणे दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. सासूबाईंनी एकदा सचिवांकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. मला खात्री आहे, त्यांना त्या दोघांच्या जागी सतरा आणि बावीस दिसले.

त्यांनी नग उचलला, गेज लावलं. एक तोंड गेलं, एक अडलं. नग चोख होता. सगळे ठोक्याची वाट बघत असताना त्यांनी हातोडी खाली ठेवली, खण उघडला आणि पिवळी चिठ्ठी काढली. चष्मा लावून सावकाश लिहिलं, "शंका: हा वापरायची वेळ येऊ नये हे बघण्याचं काम कुणाचं? नाव लिहावे." दोरा ओवला आणि चिठ्ठी नगाला बांधली.

"वा, वा! फारच छान!" सचिव म्हणाले. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. फोटोसुद्धा काढला. मग सगळे चिठ्ठी सुटायची वाट बघत उभे राहिले.

"मी नाही काढायची," सासूबाई म्हणाल्या. "जबाब लिहील तो काढेल."

पाहुण्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खिशातून पेन काढलं. मला वाटलं, हा लिहितोय. पण पेन त्यांनी पुन्हा खिशाला लावलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आमच्या दूतावासाने लिहायला पाहिजे." सचिव म्हणाले, हे आमच्या खात्याकडे येतच नाही, परराष्ट्र खातं बघतं. व्यवस्थापक माझ्याकडे असे बघत होते जणू सासूबाई मीच हुंड्यात आणल्या होत्या.

लॉटमध्ये बाराशे बाटल्या होत्या. त्या सगळ्या अडकल्या. मालट्रक आवारात उभा, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत बसलेला. थांबामावशींना झटकून टाकावं तर मालाच्या करारातच लिहिलेलं, पिवळी चिठ्ठी जबाबाशिवाय निघाली तर मित्रदेश माल घेणार नाही. त्या चिठ्ठीचा फोटो सहा दिवसांत चार कचेऱ्या फिरून आला. प्रत्येकाने तो पुढच्याकडे टोलवला. लांबलचक पत्रं आली, दोन्ही देशांच्या जुन्या मैत्रीचे गोडवे आले. नाव तेवढं कुणी लिहिलं नाही.

"आई, यातून मिळणार काय?" नवऱ्याने विचारलं.

"नाव," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "कुणाचं का असेना. एकदा नाव लिहिलं की त्या माणसाला झोप लागणार नाही. त्याला वाटत राहील, हे माझ्याकडे आहे. तसा एक तरी माणूस हवा ना रे? मला तर दोन्हीकडे एकही दिसत नाही."

त्यांच्या पोराचा जीव त्या एका नावावर टांगला होता. त्यांना ते स्पष्ट दिसत होतं. मला मात्र कारखान्याच्या फाटकावरचं टाळं दिसत होतं.

सातव्या दिवशी व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढे नियमांचं पुस्तक उघडं होतं. तपासणीच्या पुढच्या टप्प्यावरचा कुणीही कर्मचारी जबाब लिहून चिठ्ठी काढू शकतो, असं त्यात होतं. पुढचा टप्पा म्हणजे रवानगी, आणि रवानगी म्हणजे मी.

"साहेब, तुम्हीच करा ना सही," मी म्हटलं.

"मी केली तर ते धोरण होईल. तू केलीस तर तो नुसता कागद." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागणी गेली तर टाळं लागेल, ते सोड. तुझ्या नवऱ्याचा विचार कर. कारखाना चालू राहिला तर मी त्याला देखभालीत घेतो. इथल्या माणसांना अत्यावश्यक म्हणून बोलावणं येत नाही. त्याचं नाव यादीत टाकायचं माझ्याकडे लागलं."

माझ्या जिवात जीव आला. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण आला. साहेबांनी पेन पुढे केलं, मी तपासणीत गेले. सासूबाई जेवणाच्या सुट्टीला बाहेर गेल्या होत्या, ती वेळ मी मुद्दामच साधली. जबाबाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी रवानगीच्या कागदांवर हजारदा लिहिलेलं वाक्यच हाताला लागलं. "पुढच्या टप्प्यावर बघितलं जाईल." खाली नाव, सही. दोरा सुटेना, तर दाताने तोडला.

सासूबाई परत आल्या. चिठ्ठी टेबलावरच होती. त्यांनी ती वाचली, खाली माझं नाव वाचलं. मला वाटलं आता चारचौघांत माझी शोभा होणार. त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, लाखावा नग पुढे ओढला आणि त्यावर पंच धरून ठोका मारला. जबाब आला होता आणि त्यांच्या लेखी नियम म्हणजे नियम. त्या नगावर सतरा थोडा तिरका उमटला. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुझं." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

अकरा आठवड्यांनी युद्ध लागलं. आधी कुणी झाडलं यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. आमच्या सरकारने जाहीर केलं की आम्ही वेळोवेळी संयमाचा सल्ला दिलाच होता. मित्रदेशाचे लोक म्हणाले, आम्हाला तर कुणी थांबा म्हणालं नाही. पाहुणे विश्रामगृहातली खोली सोडून गेले. जाताना सासूबाईंना भेटायला घरी आले, दारातच उभे राहिले, हात जोडले आणि परत फिरले.

देखभालीतली जागा नुसती बोलण्यातच राहिली होती, आणि नवऱ्याचं बोलावणं एका मंगळवारी आलं. मी तो कागद घेऊन धावत व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, यादी मंत्रालय करतं. मी मंत्रालयात फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, नावं कारखान्याकडून यावी लागतात. पुन्हा केबिनमध्ये गेले तर व्यवस्थापक जागेवर नव्हते. त्यांचा चष्मा आणि अर्धा कप चहा टेबलावर होता. मी तो चहा थंड होईपर्यंत तिथे उभी राहिले.

चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही दोघी त्याला बसवर पोचवायला गेलो. बसमध्ये सगळे त्याच्याच वयाचे, पोट सुटलेले, केस विरळ झालेले. कुणी शाळामास्तर, कुणी रंगारी. सासूबाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "काळजी करू नकोस," असं तो आम्हा दोघींनाही म्हणाला. बस वळून दिसेनाशी झाल्यावर सासूबाई चालू लागल्या, मी त्यांच्या मागून.

घरी मी भात लावला. दोघींसाठी किती तांदूळ घ्यायचे ते कळेना. कुकर झाला, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले. मला आता त्यांचं गप्प बसणं सहन होत नव्हतं.

"आई, काहीतरी बोला. शिव्या द्या. पण बोला."

त्यांनी पर्स उघडली, घडी केलेली पिवळी चिठ्ठी काढून टेबलावर पसरली.

"वाच. मला मोठ्याने वाचून दाखव."

"पुढच्या टप्प्यावर बघितलं जाईल," मी वाचलं.

"हं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तो पुढचा टप्पा आत्ता बसमध्ये बसवून आलो आपण."

मी हमसून हमसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. डोक्यावर हात ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. मग विचारलं, "गॅस बंद केलास?"

"केला."

त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी बंद केलेला गॅस त्यांनी स्वतःच्या हाताने चाचपून पाहिला.